तीन वच्छला

आपण एकच बाई आहोत, हे वच्छलाबाईचं म्हणणं पंचायतीत कोणी मानायलाच तयार नव्हतं. नवरा गेल्यावर राहतं घर तिच्या नावावर व्हायचं होतं, आणि पुतण्या त्या घरावर टपलेला. कागदांवर मात्र तीन बायका निघाल्या. रहिवासी दाखल्यावर वत्सला, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर वच्छला आणि संडासाच्या मंजुरीवर नुसतं वच्छी.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "मावशी, सरकारला एक ठरलेलं नाव लागतं. तुमच्यातली खरी कोण, ते आधी ठरवा."

"ठरवते की. पण आधी या कागदांखालच्या सह्या वाचा, मोठ्यानं."

पहिली सही पूर्ण नावाची होती, दुसरी भा. वि. हिंगमिरे, आणि तिसरी म्हणजे नुसती वळवळती रेघ.

"हे तिघं कोण?"

"कोण म्हणजे? मीच की! नवा होतो तेव्हा पूर्ण सही करायचो. मग काम वाढलं."

"अगं बाई! तीन सह्या करून तुम्ही एकच राहता, आणि तुमच्याच हातानं लिहिलेली मी मात्र तीन बायका होते?"

शिपाई फिस्सकन हसला. भाऊसाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी स्वतःच नावदुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला, पण शेवटच्या रकान्यापाशी हात थांबला.

"मावशी, चूक कोणाची, तेही लिहावं लागतं इथं."

"मग लिही की बाळा," वच्छलाबाई मायेनं म्हणाली, "आणि या खेपेला पूर्ण लिही."

भाऊसाहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं: भास्कर विठोबा हिंगमिरे.