राजपुत्र आणि हत्तीचं पिल्लू

देवाच्या दयेने सुखी असं एक नगर होतं. तिथल्या राणी मृणालवतीला मुलगा झाला, त्याच दिवशी गजशाळेत हत्तीचं पिल्लूही जन्मलं. शुभशकुन म्हणून दर पौर्णिमेला दोघांचं वजन करून एकाच भिंतीवर, एकाच मापाने कुंकवाची खूण करत आणि मागच्या खुणेपासून तिथवर रेघ ओढत.

वर्षभरात पिल्लाची रेघ छताला भिडली. बाळराजांची मात्र जमिनीलगत आडवीच राहिली. प्रधान भैरवपंत म्हणाले, "महाराज, राणीसाहेबांच्या हाताला गुण नाही. बाळराजांना माझ्या घरी वाढू द्या." राजाने मान डोलावली. राणी शांतपणे म्हणाली, "पंत, गेल्या साली तुमची गुळाने तुळा केली होती. आज पुन्हा पारड्यात बसा आणि तेव्हाच्या वजनापासून आजच्या वजनापर्यंत याच भिंतीवर तुमचीही रेघ ओढा."

ओढली. तीही आडवीच!

"अंगरख्याचे बंद लागेनासे झालेत, तरी भिंतीला पत्ता नाही! मग पंतांना वाढीसाठी कुणाकडे धाडायचं?" राणीने विचारलं.

दरबार हसला. राणीने भिंतीच्या डाव्या कडेला हत्तीसाठी मणांच्या खुणा केल्या, उजव्या कडेला बाळासाठी तेवढ्याच अंतरावर शेरांच्या, म्हणजे मणाच्या चाळिसाव्या हिश्शाच्या. नव्या खुणांवर बाळराजांची रेघ सरसर चढत पिल्लाच्याही वर गेली.

"म्हणजे बाळराजे हत्तीहून जड झाले म्हणायचे?" पंत फणकारले.

"शंका असेल तर दोघांना आळीपाळीने कडेवर घेऊन बघा, पंत."

राजा खळखळून हसला आणि त्याने बाळ राणीच्या मांडीवर ठेवलं. देवाने तिची मांडी भरली राखली, तशी सगळ्या लेकुरवाळ्यांची राखो.