थांबलेली तोटी

एकदा एक अर्धी बातमी आमच्या आळीत शिरली आणि अख्ख्या बातमीपेक्षा जास्त दिवस राहिली.

ती मीच आणली, हे आधी सांगून टाकते. रक्तदाब तपासायला मी दवाखान्यात गेले होते. आत वृद्ध डॉक्टरीणबाई त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरशी बोलत होत्या. दार किलकिले होते आणि माझे कान काही बहिरे नाहीत. बाई म्हणाल्या, "कांचनची पिशवी गर्भ धरणार नाही..." तेवढ्यात नर्सने दार ओढून घेतले.

कांचन म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली सून. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. काचेच्या बशीत वाढवलेला गर्भ त्या दिवशी तिच्या पोटात ठेवायचा होता. पण बाईंनी तिला तसेच घरी धाडले आणि गर्भ गोठवून ठेवायला सांगितले.

नळावर मी एवढेच म्हटले, "पिशवी धरत नाही म्हणे बिचारीची, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या." एकीलाच म्हटले. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या आळीला ठाऊक झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचनच्या दारात बॅग दिसली.

"कुठं गं निघालीस?"

"आधी दवाखान्यात. ते गोठवलेले गर्भ नकोत, टाकून द्या, अशी सही करून येते. मग माहेरी. मावशी, नळावर म्हणतात तशी पिशवीच धरत नसेल तर कुणासाठी ठेवायचे ते?"

"अगं, पण डॉक्टरीणबाई तुला काय म्हणाल्या?"

"पुढच्या खेपेला बघू म्हणाल्या. समजूत घालतात हो. नऊ वर्षं सगळे समजूतच घालतायत."

ते बोलणे नळावर मीच नेले, हे सांगायला जीभ उचलेना. म्हटले, "थांब, एकटी जाऊ नकोस. मी येते."

दवाखान्यात बाई नव्हत्या. भर तपासणीच्या वेळी शिष्याला घेऊन त्या मागच्या कुंभारवाड्यात गेल्या होत्या. नर्सही बुचकळ्यात पडली होती. आम्ही मागोमाग गेलो.

हौसाबाई कुंभारणीच्या अंगणात शिष्य कळवळून बोलत होता. "बाई, इतका सुरेख गर्भ मी अजून पाहिला नव्हता. आणि आपण तो परत ठेवला. बी उत्तम असेल तर थांबायचं कशासाठी?"

हौसाबाईने कालपासून वाऱ्यावर ठेवलेली कच्च्या मातीची झारी डॉक्टरीणबाईंनी उचलली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तोट्यांतली सर्वांत देखणी तोटी निवडली आणि दोन्ही शिष्याच्या हाती दिले. "बसव."

"मी?"

"अंगाला माती लागंल, डॉक्टरसाहेब," हौसाबाई हसली. "दावाखान्याचा कोट काढा आधी."

त्याने कोट काढला. तोटीला पातळ चिखल लावून झारीवर दाबून धरली. बसली! त्याने विजयी मुद्रेने हात काढला आणि तोटी टपकन हौसाबाईच्या ओंजळीत पडली.

"झारीला पाणी लावून मऊ करतो," तो म्हणाला. पाणी लावले, पुन्हा दाबले. झारीलाच तडा गेला.

"म्हणजे झारीच खोटी आहे," तो चिडून म्हणाला. माझ्या शेजारी उभी असलेली कांचन एक पाऊल मागे सरली.

"झारीला नावं ठेवू नगा," हौसाबाई म्हणाली. "काल वारं लई सुटलं. माझ्या अंदाजाआधीच वाळली ती. तोटीबी चांगली, झारीबी चांगली, वकूत तेवढा गेला." तिने तोटी पुसून पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळली. "तोटी थांबती. झारी थांबत न्हाई."

मग तिने त्या दिवशी पहाटे घडवलेली दुसरी झारी पुढे ओढली. बोट दाबले, ठसा उठला नाही. नख ओढले, बारीक रेघ उमटली. "हा बगा वकूत." काडीने दोन्हीकडे खरवडले, चिखल लावला, तीच तोटी बसवली. थोड्या वेळाने तोटीला धरून झारी उचलली. झारी लोंबकळत राहिली, पण तोटी सुटली नाही.

तेव्हा बाई बोलल्या. "गर्भाशयाचं अस्तर असंच असतं. त्याच्या प्रत्येक पेशीत जनुकांची संपूर्ण पोथी आहे, पण सगळी पानं एकदम उघडत नाहीत. महिन्यातले बहुतेक दिवस ती भिंत कुणालाच चिकटू देत नाही. तोच तिचा धर्म आहे. मग रक्तातून संप्रेरकाचा निरोप येतो. काही जनुकं जागी होतात, भिंत मऊ करतात, धरण्याजोगी करतात, येणाऱ्यासाठी शिदोरी साठवतात. आणि काही जनुकं गप्प होतात. नको नको म्हणणारी गप्प झाल्याशिवाय तयारी पुरी होत नाही. हे सारं मोजक्या काही दिवसांचं. कधी आपल्याच औषधांमुळे तो निरोप लवकर पोहोचतो. मग गर्भ येतो तेव्हा दार मिटत असतं. दोष बीचा नाही आणि भूमीचाही नाही."

गप्प होणाऱ्यांचे ऐकून मी खाली पाहत पदर सारखा केला.

कांचन पुढे झाली. "बाई, तुम्ही म्हणालात ना, माझी पिशवी गर्भ धरणार नाही?"

बाईंनी चमकून वळून पाहिले. "म्हणाले. 'या महिन्यात' असं पुढे होतं. तुला कुणी अर्धंच सांगितलं?"

मी म्हटले, "मी. दार लागलं आणि उरलेलं मी माझ्या मनानं भरलं."

कांचनने माझ्याकडे पाहिले. रागावेल असे वाटले. पण ती मटकन खाली बसली, आणि रडते की हसते ते आम्हाला कळेना. "या महिन्यात," ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. "फक्त या महिन्यात."

"अस्तर दर महिन्याला नवं येतं," बाई म्हणाल्या. "धरेलच, असं वचन मी देत नाही. पण तोटी ओल्या फडक्यात आहे, एवढं नक्की."

शिष्याने मातीने भरलेले हात जोडले. घरी परतताना कांचनची बॅग मी उचलली.

दोन महिन्यांनंतर एका दुपारी कांचनने भिंतीवर तीनदा टकटक केले आणि खिडकीतून हळूच म्हणाली, "मावशी, धरलं. अजून कुणाला सांगू नका हं."

संध्याकाळी नळावर विचारणा झालीच. "काय हो, कांचनच्या पिशवीचं ते खरं होतं का?"

"अर्धं खरं होतं," मी म्हटले.

"आणि उरलेलं अर्धं?"

माझी कळशी भरली होती. ती कमरेवर घेतली आणि मी घरी आले.