ठिणगीची पाळी

एक होती चिचुंद्री. एवढ्ढीशी! नाव तिचं ठिणगी. राग मात्र हा एवढा मोठा!

आज शाळेची घंटा वाजवायची पाळी ठिणगीची. पण शाळेच्या पायरीवर ऊन आलं, की पाळी गेली. मग घंटा सरड्याची!

ठिणगीने फ्रॉक घातला. टप्! बटण तुटलं. फ्रॉक लागला घसरायला.

"छे! छे! छे!" ठिणगीने शेपटी आपटली. फट् फट्! बटण उचललं आणि निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

शिंपी पक्षी फांदीवर डुलत होता.

"शिंपीदादा, शिंपीदादा, बटण लाव! मला शाळेला उशीर होतोय!"

"थांब गं पाच मिनिटं! दोरा संपलाय. कोळी दोरा देईल, तेव्हा लावीन."

ऊन झाडावर आलं. ठिणगीला आला राग. फट् फट्! तुरुतुरु, तुरुतुरु.

कोळी गोठ्यात लोंबकळत होता.

"कोळीमामा, कोळीमामा, दोरा दे! शिंपी बटण लावेना. मला शाळेला उशीर होतोय!"

"थांब गं पाच मिनिटं! म्हैस दारात उभीय. अंधारात दोरा काढू कसा? म्हैस हलेल, तेव्हा देईन."

ऊन भिंतीवर आलं. ठिणगीला आला आणखी राग. फट् फट्! तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैस दारात रवंथ करत होती.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, हल की! कोळी दोरा देईना, शिंपी बटण लावेना. मला शाळेला उशीर होतोय!"

"थांब गं पाच मिनिटं! यसूकाकू धार काढेल, तेव्हा हलेन."

ऊन अंगणात आलं. ठिणगी झाली लालेलाल. फट् फट्! तुरुतुरु, तुरुतुरु.

यसूकाकू काय करत होती? घोरत होती! घुर्रर्र फुस्स! घुर्रर्र फुस्स!

"यसूकाकू, यसूकाकू, धार काढ! म्हैस हलेना, कोळी दोरा देईना, शिंपी बटण लावेना. मला शाळेला उशीर होतोय!"

"थांब गं पाच मिनिटं! शाळेची घंटा वाजेल, तेव्हा उठेन. रोज तशीच उठते मी."

झालं! ठिणगी टुणकन उशीवर चढली आणि काकूच्या कानात ओरडली,

"घंटा वाजेल कशी? घंटा मीच वाजवणार आहे! दादाची पाच मिनिटं, मामाची पाच मिनिटं, मावशीची पाच मिनिटं, तुझी पाच मिनिटं! आणि उशीर कुणाला? मला!"

"अगंबाई!" काकू ताडकन उठली.

काकूने धार काढली. चुर्र चुर्र!
म्हैस हलली. थप् थप्!
कोळ्याने दोरा दिला. सर्र सर्र!
शिंप्याने बटण लावलं. टुच टुच!
ठिणगी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

ऊन पायरीला टेकणारच होतं. सरड्याने घंटेच्या दोरीला हात घातला होता.

"ए सरड्या, सोड! मी आलेय!"

ठिणगी दोरीला लटकली. टण्! टण्! टण्!

बाईंनी हजेरी घेतली. "ठिणगी?"

"हजर!" ठिणगी एवढ्या जोरात ओरडली, की बाईंचा चष्माच पडला.

आणि तू? अजून पांघरुणातच? ऊठ! पाच मिनिटं म्हणालास तर बघ!