धुक्यातली चाचणी

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर जहाजं बांधणारं एक गाव होतं. तिथे हिन्रिक नावाचा इंजिनं घडवणारा कारागीर राहत असे. गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची, पहिल्यावहिल्या पाणबुड्यांच्या काळातली. हिन्रिकचा हात कसबी होता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

तेव्हाच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालत आणि वर आल्या की रॉकेलच्या इंजिनावर. हिन्रिकचं इंजिन कधी बंद पडत नसे. त्यात खोट एकच होती. ते धूर ओकायचं, तोही पांढरा आणि दाट. धूर बाहेर जावा म्हणून बोटीच्या पाठीवर एक धुराडं उभं करावं लागे. बुडी मारायची तर आधी ते आडवं पाडून तोंड बंद करायचं, आणि त्यात चार-पाच मिनिटं जात. जिने लपून राहायचं तिनेच दवंडी पिटत फिरायचं, असा सगळा मामला होता.

हे इंजिन बसवलेल्या एका नव्या बोटीची आरमारापुढची चाचणी जवळ आली, तसा त्या बोटीवर इंजिन सांभाळणारा डेटलेफ हिन्रिककडे आला. हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, वीबकेचा नवरा.

"दादा, धुराचं आरमाराच्या साहेबांच्या कानावर घाला," तो म्हणाला.

"इंजिन म्हटलं की धूर आलाच."

"वीबके दोन कोसांवरून आमची बोट ओळखते. धूर दिसला की बटाटे उकडायला टाकते. मी घरी पोचेपर्यंत ते शिजलेले असतात. तिला दिसतं ते शत्रूला दिसणार नाही का?"

हिन्रिक हसला. "मग तक्रार कसली? गरम जेवण तर मिळतंय!"

चाचणीचा दिवस ठरवण्याचा मान इंजिन घडवणाऱ्याचा असे. हिन्रिक रोज सकाळी धक्क्यावर जाऊन आभाळ बघू लागला. ज्या दिवशी समुद्रावर दाट धुकं उतरलं, त्याच दिवशी त्याने निरोप धाडला, "बोट तयार आहे." पांढऱ्या धुक्यात पांढरा धूर कुणाला दिसणार? बोट झकास चालली. आरमाराचा म्हातारा अधिकारी खूश झाला. धक्क्यावर परतल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "सही करण्याआधी सांगा, काही उणीव आहे का? असेल तर बोट वर्षभर थांबवू. दुसरीकडे डिझेलची नवी इंजिनं तयार होताहेत, त्यांतलं एक बसवू."

डेटलेफ हिन्रिककडे बघत होता. हिन्रिक तेव्हा बोलला असता तर किती बरं झालं असतं! पण आपलं इंजिन काढून तिथे दुसऱ्याचं बसवायचं, हे त्याला सोसेना.

"काही उणीव नाही," तो म्हणाला आणि त्याने सही केली. डेटलेफने मान खाली घातली. बायकोच्या भावाला चारचौघांत खोटं पाडणं त्याच्याने झालं नाही.

त्या सहीच्या भरवशावर तेच इंजिन आणखी काही बोटींत बसवलं गेलं. दोन वर्षांनी युद्ध पेटलं आणि बोट लढाईवर गेली. ती काही पुण्य करायला निघाली नव्हती. तिने बुडवलेल्या जहाजांवरची माणसंही कुणाकुणाची होतीच. तरी वीबकेला आपला माणूस परत हवा होता. ती रोज धक्क्यावर जाऊन उभी राही. दोन फेऱ्यांना धूर दिसला, दोन्ही वेळा बटाटे शिजले. तिसऱ्या फेरीला महिना उलटला तरी समुद्रावर काही दिसलं नाही.

मग दुसऱ्या एका पाणबुडीचा कप्तान आला. त्याने लांबून सारं पाहिलं होतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. धुराचा पट्टा आभाळात चढला होता आणि त्याचाच माग काढत शत्रूची युद्धनौका आली. बोटीवरचे लोक धुराडं पाडत होते, तेवढ्यात ती येऊन धडकली. कुणीही वाचलं नाही.

हिन्रिक बहिणीच्या घरी गेला.

"धुराचं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "डेटलेफने सांगितलंही होतं. मी मुद्दाम धुक्याचा दिवस निवडला."

चुलीवर पातेलं रिकामंच होतं.

"तो धूर दिसला की मला आनंद व्हायचा, दादा," वीबके म्हणाली. "मी त्याची वाट बघायचे. मला कळत नव्हतं. तुला कळत होतं."

त्याच दिवशी हिन्रिकने आरमाराला खरं काय ते लिहून कळवलं. आठ दिवसांत त्याच्या इंजिनाच्या उरलेल्या बोटी लढाईतून मागे बोलावल्या गेल्या. चिठ्ठी दोन ओळींची होती. ती लिहायला पाव तासही लागला नाही. तेवढा वेळ त्याच्याकडे धुक्याच्या त्या सकाळीही होता.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट झाकली म्हणून ती नाहीशी होत नाही, आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्याला ती भर उन्हात गाठते, आणि मग कितीही खरं बोललं तरी तो माणूस परत येत नाही.