पाचवा माणूस

शहरातून जाणाऱ्या महामार्गाच्या सुधारणांची यादी वाचून दाखवायला कार्यकारी अभियंता टिपरेसाहेब धोंडेवस्तीच्या शाळेत आले. पहिलं काम स्वागतकमानीचं, दुसरं दुभाजकावरच्या फुलझाडांचं. वस्तीने मागितलेला पादचारी पूल थेट एक्केचाळिसावा होता.

चहाची टपरी चालवणाऱ्या शेवंताबाईने कारण विचारलं.

"बाई, एका जागी पाच माणसं दगावली, तरच काम वर घेता येतं. इथं चारच आहेत," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. "नियमापुढे माझा इलाज नाही."

त्यातला चौथा शेवंताबाईचा नवरा होता. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. ड्रायव्हरने परतीसाठी साहेबांची गाडी वळवून रस्त्यापलीकडे लावली होती.

"मग साहेब, गाडीपर्यंत चालत जाऊन दाखवा. सुखरूप पोचलात, तर आमची तक्रार खोटी. नाही पोचलात, तर पाच भरतील. नियम काही मोडायला लागणार नाही."

बाहेर एकामागून एक कंटेनर धडधडत गेले. साहेबांनी ते पाहिले, मग खिशातलं पेन काढून यादीत खाडाखोड केली.

पूल पहिल्या क्रमांकावर आला. शेवंताबाईचा नवरा मात्र चौथाच राहिला.