एक हत्यार राहिलं

एक होता जपानातला म्हातारा सुतार, नाव त्याचं गेंजिरो. आणि एक होता सावंतवाडीकडचा तरणा सुतार, नाव त्याचं रवळू मेस्त्री. म्हाताऱ्याच्या घरात त्याची बायको फुमीबाई. रवळूच्या घरात त्याची वासंती आणि सहा वर्षांची दुर्वा. पण त्या दोघी इकडं, समुद्राच्या अलीकडं, दोन वर्षं वाट बघत बसलेल्या.

“कोण मेलं?” गेंजिरोनं विचारलं.

शेडच्या दारात उभा होता तो. डोक्यावरची टोपी अजून तशीच. सकाळी देवळात गेला होता, तो दुपारी पावणेदोनला परतला आणि उंबऱ्यातच थबकला.

रवळू दचकून उठला. हातात उदबत्ती. “कुणी नाही, ओयाकाता.”

तिकडं सुतारांच्या उस्तादाला ओयाकाता म्हणतात.

“पांढरी शेवंती. उदबत्ती. फळीवर ओळीनं मांडलेलं सामान.” म्हाताऱ्यानं एकेक बोटानं दाखवलं. “माणूस गेल्याशिवाय आमच्यात हे कुणी करत नाही.”

शेवंती रवळूनं फुमीबाईच्या परसातली आणली होती. विचारून आणली होती. कशाला हवी ते काही तिनं विचारलं नव्हतं.

“आज आमची खंडेनवमी, ओयाकाता. हत्यारांची पूजा. वर्षात एक दिवस हत्यारं बसतात नि आपण त्यांच्यापुढं हात जोडतो.”

“हं…”

म्हातारा आत आला. करवती, पटाश्या, रंधे, हातोड्या, सगळी हत्यारं पुसून लख्ख केलेली, आणि प्रत्येकावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. वासंतीनं गावाहून धाडलेली पुडी होती ती. रवळूनं सकाळभर मन लावून मांडामांड केली होती. छान दिसत होतं, खोटं कशाला बोला.

पण म्हातारा हत्यारांकडं बघतच नव्हता. त्याची नजर हत्यारांखालच्या फळीवर होती.

रवळूनंही खाली बघितलं.

ती फळी देवळाच्या गाभाऱ्याच्या दाराची होती. हिनोकी म्हणून झाड असतं तिकडं, त्याचं पांढरंशुभ्र लाकूड. त्याला रंग नाही, तेल नाही. रंधा मारला की काम संपलं. घामाचा हातसुद्धा लावायचा नाही, डाग राहतो. आणि त्या फळीवर ओलं कुंकू गळून दोन बोटं रुंद लाल डाग पडला होता.

देवाची पूजा देवाच्याच फळीवर मांडावी, एवढंच आलं होतं रवळूच्या मनात.

“ओयाकाता, मी… मी आत्ता रंधा मारून…”

“मार.”

रवळूचा हात पुढं झाला, आणि तिथंच राहिला.

“काय झालं?”

“आज उचलता येत नाहीत. एकदा कुंकू लावलं की उद्यापर्यंत हत्यार हलवत नाहीत.”

“हं…”

तेवढ्यात फुमीबाई आली. अंगात बाहेर जायचे कपडे, काखेत पिशवी, हातात कागद. “अहो, झाला का शिक्का? बस दोन-दहाची आहे. आणि ती काही माझ्यासाठी दोन-अकरापर्यंत थांबायची नाही.”

तो कागद म्हणजे रवळूचा सगळा जीव. दोन वर्षं शिकाऊ म्हणून राहायची परवानगी होती, ती संपत आली होती. कागदावर उस्तादाचा शिक्का पडला तर रवळू तिथला कायमचा कारागीर, आणि वासंती-दुर्वाला आणायची मोकळीक. नाही पडला तर महिनाअखेरीस विमानात बसायचं. कागद कचेरीत द्यायचा आजचा शेवटचा दिवस. महिनाभर तो घरातल्या देवाच्या फळीवर पडून होता, आणि म्हातारा हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता.

“थांब जरा,” म्हातारा बायकोला म्हणाला. “रावारूच्या घरी देव आलेत.”

ळ काही म्हाताऱ्याच्या तोंडात बसत नसे. दोन वर्षं तो रवळूला रावारूच म्हणायचा.

“किती देव?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मोजलेस का?”

“… चाळीस.”

“माझी हत्यारं एकेचाळीस आहेत.”

बाहेर कुठंतरी कावळा ओरडला. रवळूची नजर आपल्या पेटीकडं गेली.

“एक देव राहिला,” म्हातारा म्हणाला. “घेऊन ये.”

आता यातलं खरं काय ते असं. आपल्याकडं रंधा ढकलून मारतात, तिकडं तो स्वतःकडं ओढतात. लाकडाचा ठोकळाच असतो त्यांचा रंधा, त्यात पातं बसवलेलं. दोन वर्षं झाली तरी रवळूच्या हाताला ते ओढणं पटलं नव्हतं. माझ्या बापानं ढकलूनच देवाची पालखी घडवली, असं त्याच्या मनात यायचं. नुसतं मनात नाही, एकदा-दोनदा तोंडावरही आलं होतं. तेव्हा म्हातारा “हं” म्हणाला होता, बस.

मग आठ दिवसांपूर्वी, शेडमध्ये कुणी नाही असं बघून, रवळूनं वरच्या फळीवरचा जुना रंधा काढला. तो गेंजिरोच्या बापाचा. त्याला म्हाताऱ्याशिवाय कुणी हात लावत नसे. यानंच ढकलून दाखवतो, म्हणाला, बघू कशी साल निघत नाही ती. ढकलला. रंधा उसळला, हातातून निसटला आणि दगडी जमिनीवर पात्यावरच पडला. धारेला ही अशी खाच, तांदळाच्या दाण्याएवढी.

रवळूनं तो टॉवेलात गुंडाळून आपल्या पेटीच्या तळाशी घातला. जागा रिकामी दिसू नये म्हणून शेजारचा रंधा तिथं सरकवला.

आठ दिवस म्हाताऱ्यानं त्या जागेकडं बघितलं, आणि आठ दिवस तो काही बोलला नाही.

रवळू पेटीकडं गेला. टॉवेल सोडला. रंधा दोन्ही हातांत धरून म्हाताऱ्यापुढं गुडघ्यांवर बसला.

गेंजिरोनं पात्यावरून अंगठा फिरवला. खाचेपाशी थांबला.

“ढकललास?”

“… हो.”

“पूजेत का नव्हता?”

रवळूच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. सकाळपासून तेच तो स्वतःला समजावत होता. “आमच्यात भंगलेली वस्तू पूजत नाहीत, ओयाकाता. मूर्तीसुद्धा भंगली तर पाण्यात सोडतात.”

म्हाताऱ्यानं डावा हात वर केला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतंच तिथं. ऐन तारुण्यात करवतीखाली गेलं होतं.

“मग रोज सकाळी माझ्या पाया का पडतोस?”

फुमीबाईनं खाली बघितलं.

रवळूचे कान लाल झाले. “भ्यालो मी.”

“देवाला?”

“तुम्हाला.”

“हं… कुंकू लाव.”

रवळूनं पुडी उघडली. खाचेच्या वर हळद लावली, कुंकू लावलं, रंधा ओळीत ठेवला. हात जोडले. सकाळी चाळीस वेळा जोडले होते, पण आता जोडले तेव्हा त्याला रडू आलं.

“झाले सगळे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“झाले.”

“नाही.”

म्हाताऱ्यानं अंगरख्यात हात घातला. एक छोटी कापडी थैली काढली, आणि थैलीतून करंगळीएवढा शिंगाचा शिक्का. तिकडं सही करत नाहीत, असा नावाचा शिक्का लाल शाईत बुडवून उठवतात. म्हाताऱ्यानं तो रंध्याशेजारी, ओळीत नीट उभा केला.

“अहो!” फुमीबाई म्हणाली.

“चाळीस वर्षं यानं मला पोटाला घातलं,” म्हातारा म्हणाला. “हा उठला नाही तर काम मिळत नाही, लाकूड मिळत नाही. रावारू, हे हत्यार आहे की नाही?”

“आहे.”

“मग लाव.”

रवळूनं फुमीबाईकडं बघितलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दोनला पाच कमी.

त्यानं शिक्क्याला हळद लावली. कुंकू लावलं.

“आता कधी उचलायचा?” म्हाताऱ्यानं विचारलं.

रवळूनं शिक्क्याकडं बघितलं, मग कागदाकडं.

“तुमचा नियम आहे. मला ठाऊक नाही. तू सांग.”

“… उद्या.”

“हं.”

म्हातारा लाकडाच्या ओंडक्यावर बसला, हात मांडीवर ठेवून. सगळा दिवस मोकळा असल्यासारखा.

“काय थट्टा लावलीय पोराची!” फुमीबाई कडाडली. “बस का तुमच्या देवासाठी थांबणारेय? रावारू, उचल तो. देव काही तुला खात नाही. माझ्या अंगावर घाल पाप, चल.”

“उचल,” म्हातारासुद्धा म्हणाला. “मी अडवत नाही.”

रवळूनं हात पुढं केला.

एका बोटाचं अंतर होतं. एवढं केलं की वासंती येणार. एवढं केलं की दुर्वा येणार. फोनवर विचारायची ती, बाबा, तिकडं माझी शाळा कुठल्या रंगाची आहे? दोन वर्षांत तिचे पुढचे दात पडून नवे आले, ते त्यानं फोनवरच बघितले होते.

उद्या परत पूजा मांडता येईल. देव समजून घेईल. परदेशात कसला नियम… असं सगळं भराभर मनात आलं. फार सोपं होतं ते. भंगलेलं पूजत नाहीत, हेही सकाळी असंच सोपं वाटलं होतं.

रवळूनं हात मागं घेतला.

“नाही.”

“बस जाईल,” म्हातारा म्हणाला.

“जाऊ दे.”

“मुलगी?”

“… तिला मी सांगेन. रंधा मी पाडला, मी लपवला, आणि वर नियमाचं नाव सांगितलं. आज पुन्हा माझ्या सोयीनं नियम वाकवला तर मग मी हात कशाला जोडले?” तो फुमीबाईकडं वळला. “राहू दे शिक्का. उद्यापर्यंत राहू दे.”

दोन वाजून दोन मिनिटं झाली. फुमीबाईनं कागदाची घडी घालायला घेतली.

“थांब,” म्हातारा म्हणाला. “इकडं आण.”

त्यानं कागद मांडीवर पसरला. उजवा अंगठा तोंडाजवळ नेऊन वाफ दिली, रवळूच्या कुंकवात बुडवला, आणि जिथं शिक्का उठवायचा त्या चौकटीत दाबला. चांगला जोर देऊन, कडेकडेनं फिरवून.

लाल अंगठा उठला. रेघ न रेघ दिसत होती.

रवळू बघतच राहिला. “ओयाकाता, हा… हा अंगठाही हत्यारच ना तुमचं?”

“आहे.”

“मग?”

“याला तू कुंकू लावलं नव्हतंस.”

फुमीबाईनं कागद हिसकला. “अंगठा चालतो का त्यांना?”

“आमच्या आजाला लिहिता येत नव्हतं. त्याचं घर अंगठ्यावर उभं राहिलं. विचार त्यांना.”

ती पळाली. साठीची बाई, पण काय पळाली म्हणता! वळणावर बसचा भोंगा वाजला, मग दार उघडल्याचा आवाज, मग लावल्याचा. मग काही नाही.

दोघंच उरले. रवळूला फळीवरचा लाल डाग दिसला.

“हा डाग, ओयाकाता?”

“उद्या. एक साल काढायची. बापाच्या रंध्यानं.”

“तुम्ही…”

“तू. आधी धार लाव, खाच जाईपर्यंत. मग ओढ.”

दुपारभर दोघं काही न करता बसून राहिले. हत्यारं बसली होती, तेही बसले. म्हाताऱ्यानं चहा केला, रवळूनं पेले विसळले. प्रत्येक गाडीच्या आवाजाला रवळू मान वर करायचा, म्हातारा नाही.

सहाच्या बसनं फुमीबाई आली तेव्हा दोघं घराच्या दाराशी होते. चेहऱ्यावरून काही कळेना. दारात पायताण काढलं, पिशवी ठेवली, घाम पुसला.

“कचेरीतल्या पोरग्यानं वास घेतला कागदाचा,” ती म्हणाली. “ही कसली शाई, विचारलं. मी म्हटलं, रावारूच्या गावची. आत जाऊन साहेबाला दाखवून आला.”

“आणि?” रवळूनं विचारलं.

“आणि काय? घेतला. ही पावती.”

रवळू मटकन पायरीवरच बसला. तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

म्हाताऱ्यानं त्याला हलवलं नाही. तो दाराच्या आत उभा राहून खाली बघत होता. तिथं घरात घालायच्या सपातांची रांग असते. एक जोड त्याचा, एक फुमीबाईचा, आणि पाहुण्यासाठी ठेवलेला एक हिरवा. दोन वर्षं रवळू पाहुण्याचाच जोड घालत होता.

गेंजिरोनं वाकून तो हिरवा जोड उचलला आणि कपाटात टाकला. रिकाम्या जागेवर हाताची वीत ठेवून बघितली. एकदा. मग शेजारी, पुन्हा एकदा. मग अर्धी वीत.

“रावारू,” तो म्हणाला, “मुलीच्या पायाचं माप काय?”