पुंजामायची ताटी

फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. वैशाखात तर नदीही नसायची, नुसती वाळू. त्या नदीकाठी पुंजामाय राहायची. ती वाळ्याची मुळं खणायची, बांबूच्या चौकटीत विणून त्यांच्या ताट्या करायची आणि लोकांच्या दारांना बांधून द्यायची. ताटीवर पाणी मारलं की बाहेरची झळ आत येता येता गार व्हायची. तिच्या हातची ताटी असली की भर दुपारी घरात गोधडी लागायची, असं म्हणतात. आमच्या गावाला वाढवून सांगायची खोडच आहे, पण चादर तरी लागत असेल.

एका वर्षी ऊन असं पेटलं की उडत्या चिमण्या अंगणात पडू लागल्या. त्याच दिवसांत ठकूबाईची सून यमुना बाळंत झाली. ठकूबाई मायाळू होती, पण रीतीला पक्की. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिनं दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि खाटेखाली शेगडी ठेवली. हसू नका, तेव्हा घरोघरी असंच करत. दुपारपर्यंत यमुना बरळायला लागली आणि बाळाचं रडणं थांबलं.

हे कानावर आलं तशी पुंजामाय डोक्यावर ताटी घेऊन आली.

"दार उघड, ठकू."

"वारा लागन तिले."

"माही लेक अशाच कोंडल्या खोलीत गेली," पुंजामाय म्हणाली. "तिले वारा नव्हता लागला."

ठकूबाईनं दार उघडलं आणि स्वतःच्या हातानं शेगडी बाहेर आणली.

दाराला ताटी लागली, पण विहीर आटलेली. पाणी होतं ते फक्त नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यात. पुंजामाय घागर घेऊन तापल्या वाळूतून अनवाणी निघाली. पाणी आणायची, ताटीवर मारायची आणि ताटी वाळायच्या आत पुन्हा निघायची. झिराही आटत आला होता. तरी ती वाकली की घागरीपुरतं पाणी वर यायचं, असं म्हणतात. आधी गाव नुसतं आडोशानं बघत राहिलं. मग एक बाई आपल्या माठातलं प्यायचं पाणी घेऊन आली. तिच्यामागून सगळी आळी आली. ठकूबाईशी ज्यांचं बोलणंही नव्हतं, तेही आले.

ऊन कलताना बाळ रडलं. यमुनेनं पाणी मागितलं. ठकूबाई बाळाला घेऊन पुंजामायला दाखवायला धावली, तर उंबऱ्यावर कुणीच नव्हतं. नुसती ओल होती. आणि झिऱ्यापासून दारापर्यंत, जिथे जिथे तिचं पाऊल पडलं होतं तिथे तिथे, वाळ्याचे हिरवे कोंब उभे होते. पुंजामाय पुन्हा कुणाला दिसली नाही.

आता आमच्याकडे घरोघर कूलर आहेत. तरी उन्हाळ्यात कुणी बाळंत झालं की दाराला वाळ्याची ताटी लागतेच, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्यावर ओंजळभर पाणी मारतो. ज्याचं त्या घराशी शेताच्या बांधावरून वैर आहे तोही मारतो. तो आत येत नाही, कुणाशी बोलत नाही. पण आतून बाळाचा आवाज येईपर्यंत तिथून हलतही नाही.